आधी करार, मग पोकलेन

एखाद्या जुन्या वसाहतीच्या पाडकामाचा कार्यादेश निघाला की पालिकेत, म्हाडात आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या कार्यालयांत एकच वाक्य ऐकू येतं: रखडलेलं काम अखेर मार्गी लागलं. चौकात अभिनंदनाचे फलक लागतात, नारळ फुटतो, पोकलेनसमोर फोटो निघतात. या उत्साहामागे एक भूमिका आहे आणि ती मांडणारे सगळे काही बिल्डरांचे हस्तक नसतात. त्यांत प्रामाणिक अभियंते आहेत, वाट पाहून थकलेले रहिवासी आहेत, शहराबद्दल कळकळ असणारी माणसं आहेत. त्यांचं म्हणणं असं, की इमारती मोडकळीला आल्या आहेत, दर पावसाळ्यात माणसं मरतात. करार, पात्रता, भाडं यांचा घोळ मिटेपर्यंत थांबलो तर आणखी दहा वर्षं जातील. म्हणून आधी जागा मोकळी करा, बाकीचं नंतर बघता येईल.

ही भूमिका घातक आहे. आणि ज्या जिवांच्या काळजीपोटी ती मांडली जाते, त्यांनाच तिचा सर्वांत जास्त धोका आहे.

गोरेगाव पश्चिमेचं सिद्धार्थनगर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली पत्राचाळ, इथूनच सुरुवात करावी लागेल. जमीन म्हाडाची, ४७ एकर. भाडेकरू ६७२. म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि एचडीआयएलची उपकंपनी असलेली गुरुआशिष कन्स्ट्रक्शन यांच्यात २००८ साली त्रिपक्षीय करार झाला. कागदावर तो वाईट नव्हता. ६७२ जणांना मोफत घरं, म्हाडाला तिचा वाटा, उरलेलं बांधकाम विकासकाने विकायचं आणि घरं तयार होईपर्यंत रहिवाशांना दरमहा भाडं द्यायचं. सरकारी यंत्रणा स्वतः करारात पक्षकार होती. याहून मोठी हमी सामान्य माणसाने कुठली मागायची? लोकांनी सामान बांधलं, चाळी रिकाम्या झाल्या आणि पाडल्या गेल्या.

पुढे काय झालं ते तपास यंत्रणांच्या कागदांत आहे. सक्तवसुली संचालनालयाचा आरोप असा, की रहिवाशांच्या घरांचं काम पुरं न करताच विकासकाने तिथलं चटईक्षेत्र दुसऱ्या खासगी बिल्डरांना विकून ९०१ कोटी ७९ लाख रुपये उभे केले. रहिवाशांचं भाडं बंद पडलं. जानेवारी २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला. विकासक कंपनी दिवाळखोरीत गेली. राज्य सरकारने प्रकल्प म्हाडाकडे सोपवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. करारापासून हे जवळजवळ चौदा वर्षांचं अंतर आहे. ज्या घरात करारावर सही झाली तेव्हा मूल पहिलीत होतं, त्या घरातलं मूल तोवर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचलं. त्याच वर्षी एका बड्या नेत्याच्या अटकेमुळे पत्राचाळीचं नाव देशभर गाजलं, पण चर्चा नेत्याची झाली. भाड्याच्या खोल्या बदलत फिरणारी ६७२ कुटुंबं बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात राहिली.

या प्रकरणात भ्रष्टाचार झाला, दोषींना शिक्षा व्हावी, असं म्हणून बहुतेक जण थांबतात. मला तिथे थांबता येत नाही. असा विकासक पुन्हा येणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही, म्हणून विचारायचं ते वेगळं: लोकांच्या हातातून नेमकी कोणती गोष्ट गेली, की ज्यामुळे दुसऱ्याने त्यांच्या जागेचं चटईक्षेत्र विकलं तरी त्यांना काही करता आलं नाही? उत्तर साधं आहे. त्यांचा ताबा गेला. राहतं घर हाच भाडेकरूचा एकमेव खरा दबाव असतो. तो खोलीत बसलेला असतो तोवर विकासकाला त्याच्याशी बोलावं लागतं, म्हाडाच्या अधिकाऱ्याला त्याची फाइल उघडावी लागते, नगरसेवकाला त्याच्या बैठकीला यावं लागतं. खोली पाडली की तो यादीतलं एक नाव होतो. यादीतल्या नावाला कोर्टात तारीख मिळते. विकासकाचा फोन मात्र येत नाही.

पाडकामाची निविदा किती जणांनी वाचली असेल? मुद्दाम वाचण्यासारखा कागद असतो तो. किती दिवसांत जागा सपाट करायची, अनामत रक्कम किती, हिरवी जाळी कुठे बांधायची, कामगारांचा विमा, शेजारच्या इमारतीला तडा गेला तर जबाबदारी कोणाची, राडारोडा कुठे टाकायचा, हे सगळं त्यात तपशिलाने लिहिलेलं असतं. भंगाराची किंमत लावलेली असते. जुन्या इमारतींमध्ये सागवानी तुळया, लोखंडी गर्डर, जाड सळया निघतात, त्यामुळे कित्येकदा ठेकेदार पाडकामाचे पैसे घेण्याऐवजी उलट मालकालाच पैसे भरतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी अशी अट घातली, की दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघणार असेल तर त्याचं वर्गीकरण करावं, तो कुठे नेणार याचा आराखडा स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यावा. विटांचा तुकडा कुठे गेला याचा हिशेब सरकार मागतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच इमारतीतली माणसं कुठे गेली, त्यांना परत कधी आणि कोणत्या मजल्यावर आणायचं, त्यांच्या पुढच्या तीन वर्षांच्या भाड्याचे पैसे कुठल्या खात्यात आहेत, याचा एक रकानासुद्धा त्या कागदात नसतो. ते दुसऱ्या फाइलीत असतं, दुसऱ्या विभागात, आणि बहुधा 'प्रक्रियेत' असतं.

भंगारावर कमाई असलेल्या ठेकेदाराला घाई असते. म्हणून अर्धी रिकामी झालेली कुठलीही चाळ जाऊन पाहा. एखाद्या खोलीची चावी दिली गेली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिची दारं-खिडक्या काढली जातात. कारण दिलं जातं की पुन्हा कोणी घुसू नये. चौकटीच्या जागी भगदाड राहतं. त्यातून पावसाचं पाणी आत येतं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल धरते. मजल्यावरच्या संडासाचं दार निघतं, मग पाण्याची लाइन तुटते आणि ती कोणी तोडली ते कळत नाही. जिन्याचा कठडा निघतो. मागे राहिलेली म्हातारी बाई रात्री भिंतीला हात लावत वर चढते. सही न केलेल्या चार-पाच कुटुंबांनी तिथे आणखी एक पावसाळा काढावा अशी परिस्थितीच उरत नाही, आणि मग तीही सही करतात. कागदोपत्री ती संमती ठरते. पाडकाम अशा रीतीने इमारत पाडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

आता सुरक्षेच्या मुद्द्याकडे येतो, कारण सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे आणि तो टाळून लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझगावातली बाबू गेनू मार्केटची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली आणि ६१ माणसं गेली. इमारत पालिकेचीच, राहणारेही बहुतांशी पालिकेचेच कर्मचारी. भेंडीबाजारात हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, तीसहून अधिक जीव गेले. डोंगरीत जुलै २०१९ मध्ये तेच झालं. जीर्ण इमारती माणसं मारतात, यात वाद नाही. त्या रिकाम्या कराव्यात, यातही नाही.

पण हुसैनी इमारत २०११ मध्येच धोकादायक ठरली होती. समूह पुनर्विकासाची योजना आखलेली होती, काही कुटुंबं संक्रमण घरांत गेलेलीही होती. तरी काही तिथे राहिली. सहा वर्षं डोक्यावर मरण टांगलेलं असताना माणूस का राहतो? त्याला जीव प्यारा नाही म्हणून? धंदा खाली आहे, शाळा जवळ आहे, ही कारणं असतात. पण मुंबईतल्या कोणत्याही जुन्या इमारतीत जाऊन विचारा, सगळ्यांत आधी येणारं उत्तर एकच असतं: एकदा बाहेर पडलो तर परत येणार याची खात्री काय? आणि हा संशय हवेतून आलेला नाही. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींमधून संक्रमण शिबिरात 'तात्पुरते' गेलेल्या कुटुंबांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या तिथेच मोठ्या झाल्या. त्यांची एकत्रित यादी, म्हणजे बृहत्सूची, बनवण्याची वेळ म्हाडावर आली, हेच त्या आश्वासनांचं मूल्यमापन आहे. पत्राचाळीची बातमी डोंगरीतल्या, गिरगावातल्या, लालबागेतल्या घराघरांत वाचली गेली. तिथल्या माणसांनी त्यातून जो निष्कर्ष काढला, तोच त्यांना टेकू लावलेल्या छताखाली झोपायला लावतो.

म्हणूनच, परतीच्या पक्क्या हमीशिवाय केलेलं एक पाडकाम दुसरीकडच्या दहा इमारतींमधल्या लोकांना धोकादायक घरांना चिकटून बसायला भाग पाडतं. सुरक्षेचा खरा उपाय परतीची हमी हाच आहे. ती मिळाली तर लोक नोटीस येण्याआधी निघतील.

शिवाय रिकामी करणं आणि पाडणं ही दोन कामं आहेत, त्यांना एकत्र बांधण्याची गरज नाही. अतिधोकादायक, म्हणजे सी-१ वर्गातल्या इमारतीतून माणसांना आज रात्री बाहेर काढता येतं, आधार देता येतो, रस्ता बंद करता येतो. ज्या दोन-तीन आठवड्यांत भिंती टेकूवर उभ्या राहतील, त्या आठवड्यांत प्रत्येक खोलीचं मोजमाप घेऊन यादी लावता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये धोकादायक इमारतींबाबत पालिकेला जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांतही पाडण्याआधी भाडेकरूंची आणि त्यांच्या ताब्यातील क्षेत्रफळाची नोंद करण्यावर भर आहे. हे कोणा आंदोलकाचं म्हणणं नाही, न्यायालयाचं आहे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही सांगलीच्या एका प्रकरणात एक महत्त्वाचा निकाल दिला. तिथल्या महापालिकेने एक जुनी इमारत पाडली होती आणि मालकाचं म्हणणं होतं की इमारतच राहिली नाही तर भाडेकरूचा हक्क कसला? तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा युक्तिवाद फेटाळला. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. 'आधी पाडा' म्हणणारे या निकालाचा आधार घेऊन म्हणतात, बघा, कायदा रहिवाशाच्या बाजूने आहे, मग भीती कशाची? भीती याची, की हा हक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सिद्ध करावा लागला. ज्याच्याकडे वकिलाची फी भरायला पैसे आहेत आणि वाट पाहायला वय आहे, त्याला हा निकाल उपयोगी. गोरेगावात भाडं बंद झालेल्या रिक्षाचालकाला त्याचा काय आधार? हक्क कायद्यात जिवंत राहिला तरी माणसाला त्या रात्री झोपायला जागा लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा. करार, पात्रता, भाडं हे सगळं आधी उरकायचं ठरवलं तर प्रकल्प सुरूच होणार नाहीत, असं म्हणतात. त्यासाठी बीडीडी चाळींकडे पाहावं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं आणि वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. आठ वर्षं ही थोडी नाहीत. पण या आठ वर्षांत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. रहिवाशांनी नोंदणीकृत करार मागितला. पात्रतेच्या सर्वेक्षणावर नायगावात उघड विरोध झाला. बैठका झाल्या, मोर्चे निघाले, सरकारं बदलली. मग टप्प्याटप्प्याने चाळी रिकाम्या झाल्या, आणि आधी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. १६० फुटांच्या खोलीतला माणूस त्याच वरळीत ५०० फुटांच्या घरात गेला. बीडीडीत अनेक उणिवा आहेत. चाळिसाव्या मजल्याचा देखभाल खर्च कसा परवडणार, हा गंभीर प्रश्न पुढे येईलच. तरी वेळेचं गणित मांडायचं तर दोन्ही बाजूंनी मांडा. बीडीडीत आठ वर्षांत चाव्या मिळाल्या. पत्राचाळीत लोक आधी निघाले, आणि चौदा वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं. मग घाई कुणी केली आणि उशीर कुणाचा झाला?

बीडीडीत विकासक खासगी कंपनी नव्हती, म्हाडा स्वतः होती, आणि ठेका कंत्राटदारांकडे होता, हा फरक मी लपवत नाही. उलट तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. सार्वजनिक संस्था जबाबदार राहते, पण रहिवाशांनी घर सोडण्याआधी तिला जबाबदार धरलं तरच.

जगभर असंच होतं, असाही एक युक्तिवाद कानावर येतो. लंडन, सिंगापूर यांची नावं घेतली जातात. लंडनचं घ्या. साउथवर्क कौन्सिलच्या मालकीची हेगेट इस्टेट ही १९७४ मध्ये पुरी झालेली वसाहत. सुमारे बाराशे घरं. कौन्सिलने लोकांना परत येण्याचा हक्क सांगितला, वसाहत रिकामी केली, २०१० मध्ये लेंडलीज या विकासकाशी करार केला आणि २०१४ पर्यंत वसाहत जमीनदोस्त झाली. जागा विकली ५ कोटी पौंडांना. ती रिकामी करण्यावरच कौन्सिलचे सुमारे ४ कोटी ४० लाख पौंड गेले. नव्या मंजूर आराखड्यात अडीच हजारांच्या आसपास घरं होती आणि त्यांतली पूर्वीच्या दरातल्या सामाजिक भाड्याची घरं जेमतेम ऐंशी. जुन्या बाराशे कुटुंबांपैकी बहुतेकांना त्या जागेवर पुन्हा पाऊल ठेवायची वेळ आली नाही. प्रकल्पाचा ताळेबंद लोकांसमोर यावा म्हणून तिथल्या रहिवाशांना माहितीच्या अधिकाराच्या न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. श्रीमंत देशातली, निवडून आलेली, मजूर पक्षाची सत्ता असलेली कौन्सिलसुद्धा जागा रिकामी झाल्यावर शब्द पाळू शकली नाही. लंडनचा दाखला द्यायचाच असेल तर हा द्यावा.

आपल्याकडे नियमांची वानवा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमीची अट आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखेचे धनादेश द्यायला लावलं. ही अट भाडं बुडवणाऱ्या विकासकांमुळेच घालावी लागली. म्हणजे शासनालाही रोग माहीत आहे. फक्त हा उपचार पाडकामाच्या आदेशाला बांधलेला नाही. बँक हमीची फाइल एका टेबलावर, भाड्याची दुसऱ्या, पाडकामाची तिसऱ्या. आणि तिसरी नेहमी पुढे धावते, कारण तिच्यात कोणाला तरी रोख पैसे मिळतात. पालिका आणि म्हाडाने स्वतःच्या ठरावाने एक अट घालावी: नोंदणीकृत वैयक्तिक करार, आगाऊ भाडं, बांधकामाची परवानगी आणि बँक हमी एकत्र दाखवल्याशिवाय पाडकामाचा कार्यादेश निघणार नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. त्या त्या संस्थेचा एक ठराव पुरेसा आहे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ सभागृहच नव्हतं. त्या काळात असे निर्णय प्रशासकाच्या सहीने झाले आणि त्यांवर जाहीर चर्चा झाली नाही. निवडून आलेल्या सदस्यांकडून माझी अपेक्षा जास्त आहे ती यासाठीच. पाडकामाचा प्रस्ताव समोर आला की दर कोणाचा कमी, एवढंच बघून हात वर करू नये. परिशिष्ट-२, म्हणजे पात्र रहिवाशांची यादी, अंतिम झालं का आणि ते वसाहतीच्या फलकावर लागलं का? अपात्र ठरलेल्यांच्या हरकती सुनावल्या गेल्या का? भाड्याचा पैसा कोणत्या बँकेत आहे आणि तो विकासकाला काढता येतो का? पुनर्वसनाची इमारत कोणत्या कोपऱ्यात आणि ती आधी उठणार की विक्रीची? याची कागदपत्रं प्रस्तावाला जोडलेली नसतील तर प्रस्ताव परत पाठवावा. आणि रहिवाशांनी, इमारत खरोखर धोकादायक ठरली असेल तर त्याच दिवशी बाहेर पडावं, पण खोलीचं मोजमाप घेतलेला, अधिकाऱ्याची सही-शिक्का असलेला कागद हातात घेऊनच चावी द्यावी. आणि धोका नसेल तर नोंदणीकृत कराराची प्रत मिळेपर्यंत चावी देऊच नये.